सांध्यांतलं सिमेंट

मुलांनो, आज मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर दगडी भिंत आत फुगून आलेली दिसली. हात लावला, दगड ओला होता.

गावात चुन्याचं काम जाणणारे एकटेच उरलेले म्हातारे गवंडी शिवाअण्णा आले. हातोडीने दोनदा ठोकून म्हणाले, "बाई, भिंतीला पोट सुटलंय. सांध्यांत सिमेंट कुणी भरलं?"

"मीच भरून घेतलं. चुन्याचा भुगा पडायचा, रोज झाडावा लागायचा."

"एवढं शिकलात, अन् हे कळलं नाही? ओल चुन्यातनंच बाहेर पडती. तुम्ही भिंतीचं तोंडच बांधलं की!"

निवृत्तीनंतर आम्ही हे घर घेतलं, ते या भिंतींसाठीच. दगडांचे दोन पदर, मध्ये दगडांच्या चिपा, आणि मधूनमधून दोन्ही पदरांना धरून ठेवणारा एकेक लांब दगड. किती पावसाळे या भिंतीने काढले! तिला एकच माणूस सोसला नाही, नीटनेटकेपणाची आवड असलेला.

तुमचा बाबा लहानपणी फार रडायचा. "डोळे पूस, नीट बोल," असं मी दर वेळी सांगायचे. आता दर रविवारी फोनवर तो नीट बोलतो. सगळं ठीक आहे, म्हणतो.

"सिमेंट खरवडून काढलं तर?" मी शिवाअण्णांना विचारलं.

"आता दगडासकट निघंल. भिंत उतरवावीच लागंल."

"आणि पुन्हा चढवायची?"

त्यांनी आपले थरथरणारे हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "कुणी?"