पाठकोऱ्यावरचा माळ आणि माझा उजवा डोळा

'दुखणं अंगावर काढू नका' असं गावोगावच्या भिंतींवर हातभर अक्षरांत रंगवणारी बाई स्वतःचा डोळा पाच दिवस अंगावर काढते, तिला तुम्ही काय म्हणाल?

मी स्वतःला जे म्हणाले ते छापण्यासारखं नाही.

मिरजेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, आत दिवा मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "रेटिनल डिटॅचमेंट." मग कागदावर डोळा काढून दाखवला. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूचा पातळ पडदा. आपण बघतो ते चित्र त्याच्यावर उमटतं. माझ्या उजव्या डोळ्यातला तो पडदा फाटून सुटत चालला होता.

"मधला भागही सुटलाय," ते म्हणाले. "चार दिवस आधी आला असतात तर तो वाचला असता. उद्या सकाळी ऑपरेशन करू. नजर येईल. किती येईल ते आज सांगता येणार नाही."

चार दिवस आधी मी तासगावजवळच्या एका गावात शिडीवर उभी होते. वडील आरोग्याची पत्रकं छापून वाटायचे; घरी त्यांचे गठ्ठे असायचे, त्या गठ्ठ्यांवर बसून मी अभ्यास केला. लोकांना शहाणं करायचं, एवढंच मला येत होतं.

पहिल्या दिवशी डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. मग काळे ठिपके तरंगायला लागले. त्यांना फ्लोटर्स म्हणतात, हे नंतर कळलं. "दिवसभर उन्हात ऱ्हातीस, उष्णता झालीय," असं म्हणून आईनं गुलाबपाणी घातलं. मी घालून घेतलं. तिसऱ्या दिवशी नजरेच्या खालच्या बाजूनं एक सावली वर चढायला लागली. दुसरा डोळा सांभाळून घेत होता आणि भिंत अजून पुरी व्हायची होती.

पाचव्या दिवशी ओळ सरळ आली का, ते बघायला मी डावा डोळा मिटला. अक्षरं मध्येच वाकलेली.

"वैशाली, भिंत फुगलीय," मी शिडी धरून उभ्या असलेल्या मैत्रिणीला म्हणाले.

"भिंत माझ्या बापानं बांधलीय. ती न्हाई फुगत. तू खाली उतर आन् तुजं डोळं दाखव."

दुपारच्या एसटीनं तिनंच मला मिरजेला आणलं.

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टॉमी. डोळ्यात जेलीसारखा पदार्थ असतो, तो काढतात, पडदा जागेवर बसवून लेसरनं चिकटवतात आणि तो दाबून धरायला आत गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर जातो. तो मागच्या पडद्याला टेकावा म्हणून रोग्यानं मान खाली घालायची. सात दिवस, जेवताना आणि झोपतानासुद्धा. ऑपरेशन दुखलं नाही. हे सात दिवस दुखले.

शेजारच्या खाटेवर म्हसवडकडच्या हिराबाई होत्या. साखरेच्या आजारानं त्यांचाही पडदा ओढला गेला होता. "मेंढरागत झालंय बघ पोरी," त्या खाली बघतच म्हणाल्या. "जल्मभर त्यांच्या मागं हिंडले, आता मीच मान खाली घालून हाय. नुसतं चरायचं ऱ्हायलंय."

पहिले दोन दिवस मी रडले. मान खाली असली की अश्रू गालावर येत नाहीत, थेट फरशीवर पडतात.

तिसऱ्या दिवशी वडिलांनी आमचीच उरलेली पाठकोरी पत्रकं पत्त्याच्या पानाएवढी कापून आणली, रंगीत पेनं दिली आणि तोंडाखाली स्टूल ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "डाव्या डोळ्यानं, थोडा थोडा वेळ. मान वर आली तर कागद जप्त."

हातभर अक्षरांची सवय असलेल्या हाताला आता चार बोटं जागा होती. मग डोंगर म्हणजे एक अर्धगोल, ऊस म्हणजे उभ्या रेघांचा झुबका, द्राक्षबाग म्हणजे शेजारी शेजारी ओढलेल्या तारा, असं ठरवून टाकलं. एवढ्याशा कागदावर अख्खं शिवार मावलं.

"आमचा माळ काढ की," हिराबाई म्हणाल्या. मी काढला. त्यांनी चांगल्या डोळ्याजवळ नेला. "हिरवा कशापायी लावलास? कवा बघितलायस का आमचा माळ? आन् मेंढरं कुठायत?"

दुसऱ्या कार्डावर मी माळ मातकट केला आणि सात ठिपके दिले. ते त्यांनी उशीखाली ठेवलं. ठिपके देताना लक्षात आलं, हातातल्या पत्रकाच्या छापील बाजूला 'वेळेवर तपासणी करा' असं मीच लिहिलंय. तपासणीला यायला हिराबाईंना दोन एसट्या बदलाव्या लागतात, हे त्यात कुठंच नव्हतं. मला तर एकच एसटी लागत होती.

घरी आल्यावर बुडबुडा हळूहळू विरत गेला. पडद्यावर चित्र उलटं उमटतं, म्हणून वर तरंगणारा बुडबुडा मला खाली दिसायचा. त्याची कड पाण्याच्या पातळीसारखी हलायची आणि रोज थोडी खाली उतरायची. तिच्या वरच्या बाजूला जग दिसायला लागलं, पण वाकडं. मी रोज सकाळी डाव्या डोळ्यानं बागेच्या तारा पट्टी धरून ओढायची आणि उजव्यानं बघायची. आधी त्या मधोमध आत वाकायच्या. तिसऱ्या आठवड्यात वाक कमी झाला. सहाव्या आठवड्यात मी सगळी कार्डं डॉक्टरांपुढं मांडली.

"थोडा वाक राहील," ते म्हणाले. अक्षरांच्या तक्त्यावरच्या निम्म्या ओळी मी उजव्या डोळ्यानं वाचल्या होत्या. मला त्या पुरेशा आहेत.

बाहेर बाकावर हिराबाई भेटल्या. त्यांनी पिशवीतून तो माळ काढला, चांगल्या डोळ्यावर तळहात धरला, कार्ड नाकापाशी नेलं आणि मोजू लागल्या. "पाच... सा... सात. आन् ह्ये एक कोकरू."

कोकरू मी काढलं नव्हतं. तो पेनातून गळलेला शाईचा थेंब होता, टाचणीच्या डोक्याएवढा. तो त्यांना ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं दिसला.

"व्हय मावशी," मी म्हणाले, "मागं राहिलं होतं."

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. हे वाचून झालं की एका डोळ्यावर तळहात धरा आणि समोरच्या दाराची चौकट बघा. मग दुसऱ्यावर धरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, साखरेचा आजार असलेल्यांना शेजारी बसवून हेच करायला लावा. वीज चमकली, ठिपके वाढले, सावली आली, तर गुलाबपाणी राहू द्या आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. कुणाला दोन एसट्या बदलाव्या लागणार असतील, तर सोबत जा.

आणि चौकट वाकडी दिसली, तर सुताराला दोष देऊ नका.