वीज नाही, फ्रिज आहे

१२ मे २००४, बुधवार. हजर: मी, वर्गातली शिल्पा आणि घरमालकीण जमनाबाई. स्थळ: चांदीप, वसई पूर्व. कोंबड्या मोजल्या नाहीत.

"फ्रिज?" मी विचारलं.

"हाय ना."

कोपऱ्यात उभा होता. मी टिक केली.

बँकेतून बिनपगारी रजा घेऊन मी सार्वजनिक धोरणाचं एम.ए. करत होते. वर्गात विषमता शिकायची, इंटर्नशिपमध्ये ती मोजायची. एक संस्था पावसाआधी छपरांसाठी पत्रे देणार होती. कोणाला आधी, ते आमच्या ॲसेट इंडेक्सवर ठरणार होतं. म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूला गुण. गुण कमी, त्याचा नंबर आधी. जमनाबाईंच्या छपरातून आभाळ दिसत होतं, पण फ्रिजला भरपूर गुण होते. त्या यादीच्या तळाशी गेल्या.

संध्याकाळी मी तीन रंगांच्या पेनांनी केलेली यादी इंटर्नशिप बघणाऱ्या सरांसमोर ठेवली. त्यांनी एकच फॉर्म उचलला.

"या घरात वीज आहे?"

"नाही सर. पान एक."

"फ्रिज?"

"आहे. पान दोन."

"चालतो कशावर?"

मी दोन्ही पानं पुन्हा पाहिली. अक्षर सुरेख होतं.

"उघडून बघितलात?"

"फॉर्मवर तसा रकाना नव्हता, सर."

"यादी उद्या दुपारी बाराला बंद होते," ते म्हणाले आणि फॉर्म परत दिला.

सकाळी पहिल्या एसटीने आम्ही पुन्हा चांदीपला. जमनाबाईंनी फ्रिज उघडला. आत तांदूळ, डाळ आणि मुलीचा शाळेचा गणवेश.

"वसईला कामाला होते, त्या बाईंनी दिला. बिघडलेलाच. उंदीर नाय शिरत यात."

"मग काल सांगितलं का नाही?"

"तुमी हाय का इचारलं. चालतो का, ते कोन इचारतंय?"

शिल्पा कोंबड्यांकडे बघू लागली.

मी टिक खोडली, खाली सही केली. निघताना जमनाबाई म्हणाल्या, "ताई, एवढ्या वाऱ्या करता, तर याच्या दाराचं रबर आना वसईहून. मुंग्या जातात आत."

मी वहीत लिहून घेतलं. यादी पावणेबाराला पोचली. जमनाबाईंना पत्रे पहिल्याच खेपेत मिळाले. मला प्रोजेक्टला 'ए' मिळाला; फ्रिजचा उल्लेख मी त्यात केला नव्हता.

तेव्हापासून मी टिक करण्याआधी दार उघडते. त्या वहीतल्या सगळ्या कामांवरही टिक आहे, एक सोडून: जमनाबाई, फ्रिजचं रबर.