नसीमाला दिसलेलं पाणी

सलीमचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या घरी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. "ताई, आपा गेली..." एवढंच तो म्हणाला. दुपारी जेवून पडली, ती उठलीच नाही. त्याला आता महिना होऊन गेला. नसीमाने आणि मी एकाच कॉलेजात सत्तावीस वर्षं शिकवलं. मी मराठी, ती प्राणिशास्त्र. तिने लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या, सलीमच्या घरात वरच्या खोलीत राहिली आणि आयुष्य तळ्यांना दिलं.

पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव, म्हणजे प्लवक, हा तिचा विषय. दर महिन्याला बारीक जाळी घेऊन ती तळ्यावर जायची आणि मग त्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास मोजत बसायची. एकदा मी चिडवलं, "कोण विचारतं गं त्यांना?" ती मान वर न करता म्हणाली, "तळं आजारी पडलं की आधी यांना कळतं. माशांना नंतर. माणसांना सगळ्यात शेवटी."

ते खरं ठरलं तेव्हा मी तिच्यासोबत होते. होटगीच्या पलीकडच्या एका गावात, जिथं ती वर्षानुवर्षं पाणी घ्यायला जायची, एका सकाळी तळ्याच्या काठाला मेलेल्या माशांचा पांढरा पट्टा लागला होता. गावाने मासेमारी करणाऱ्या मल्लप्पावर विषाचा आळ घेतला, त्याची होडी ओढून चावडीसमोर आणून ठेवली. आम्ही पोचलो तेव्हा तो नसीमाच्या पायाशीच बसला. "बाई, म्या काय बी टाकलं न्हाय. माझं पोट हाय की त्याच्यावर..." तिने पाणी तपासलं आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर उभी राहिली. विष नाही, म्हणाली. शेतातलं खत आणि गावाचं सांडपाणी खाऊन शेवाळ माजलंय. ते दिवसा प्राणवायू सोडतं, पण अंधारात ओढून घेतं. तीन दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला... पहाटे माशांना श्वासच उरला नाही.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हंजे आमीच मारले म्हणा की."

"व्हय, आजोबा. आन् मी बी." नसीमा म्हणाली. "वर्षभर पाणी हिरवं होताना बघत होते. अजून थोडी माहिती जमू दे, मग शोधनिबंधात लिहू म्हणाले. तुमाला आधी सांगायला पायजे होतं."

मल्लप्पाला होडी परत मिळाली. नसीमाने मात्र स्वतःला माफ केलं नाही. तो निबंध तिने कधी पूर्ण केलाच नाही. त्याऐवजी दर महिन्याला त्या गावच्या शाळेच्या फळ्यावर तळ्याची तब्येत साध्या मराठीत लिहून यायची. शब्द अडला की मला फोन करायची.

निवृत्तीनंतर मधुमेह तिच्या डोळ्यांत उतरला. समोरच्या प्रत्येक गोष्टीच्या मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं अंधुक दिसे. प्लवक मोजणाऱ्या बाईचं हे व्हावं... तिने रडून घेतलं, एकदाच, माझ्यासमोर. मग म्हणाली, "तू बघ. तू सांग." आणि साठी उलटलेली मी, मराठीची मास्तरीण, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. "एक काळा डोळा आहे. पोट आरपार दिसतंय. आत चार गोल गोल..." "पाणपिसू," ती लगेच म्हणायची. "अंडी आहेत ती. बाळंतपणाला टेकलीये बघ." आणि हसायची. सत्तावीस वर्षं शेजारी बसूनही मी जे पाहिलं नव्हतं, ते तिची नजर गेल्यावर तिने मला दाखवलं.

परवा सलीमने तिच्या खोलीतून नोंदवही आणून दिली. शेवटची तीन वर्षं सगळी माझ्या अक्षरात आहेत. प्रत्येक पानावर खाली 'निरीक्षक' असं छापलेलं असतं, तिथं मी न चुकता नसीमाचं नाव लिहीत असे. शेवटच्या पानावर ते खोडलेलं होतं. शेजारी, रेघ सोडून वर चढत गेलेल्या, एकमेकांवर आदळलेल्या मोठमोठ्या अक्षरांत तिने माझं नाव लिहिलं होतं... कधी लिहिलं, मला बोलली नाही.