साडेआठ वर्षं

ईडन प्रेरीत आमच्या ऑफिसात लेऑफ झाला तेव्हा एकाच सकाळी मला आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पोर्तुगीज सहकाऱ्याला काढलं. दोघांचीही अमेरिकेत साडेआठ वर्षं झाली होती. दर पगारातून सरकारी पेन्शनसाठीची कपात दोघांचीही होत आली होती. पण म्हातारपणी ते पेन्शन मिळायला इथे दहा वर्षं काम झालेलं लागतं. माझ्या व्हिसावर साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर देश सोडणं भाग होतं.

आम्ही दोघं मिळूनच पेन्शनच्या ऑफिसात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी आधी त्याचे कागद पाहिले. तो पूर्वी लिस्बनला नोकरी करत होता. त्या म्हणाल्या, "तुमच्या देशाशी आमचा करार आहे. तिकडची वर्षं यात धरता येतील."

मग माझा पासपोर्ट बघून त्यांनी करार असलेल्या देशांची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

"भारताशी करार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"पुण्यात मी अकरा वर्षं काम केलंय."

"ती मला धरता येत नाहीत. पण इथली वर्षं पुसली जाणार नाहीत. परत येऊन दीड वर्ष काम केलंत तर होईल."

"परत यायचं कसं?"

"ते माझ्या हातात नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, त्यामुळे मला भांडताही येईना.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अपील करू या ना." पण कुणाविरुद्ध? नियम कुणी मोडलाच नव्हता. सात वर्षांची लेक ऐकत होती. "बट यू वर्क्ड, आई," ती म्हणाली. मी तिची वेणी घालत राहिले.

मुलाखती झाल्या. व्हिसाचं नाव निघालं की फोन यायचे थांबत. नवरा माझ्याच व्हिसावर होता, त्यामुळे तिघांचंही जाणं ठरलं. विमानतळावर सोडायला तो सहकारीच आला. बॅगा उतरवून "सॉरी" म्हणाला. "तुझा काय दोष?" एवढंच मला सुचलं.

आता पुण्यात नोकरी आहे. पहिल्या दिवशी पीएफचा फॉर्म भरताना समोरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आधीची सर्व्हिस?" पुण्याची अकरा वर्षं लिहून पुढे अमेरिकेची लिहू लागले, तर ती म्हणाली, "ती इथे चालत नाही." मी खोडून टाकली.