व्याही, कयाक आणि ओहोटी

होणाऱ्या व्याह्यांना पहिल्याच भेटीत चिखलात लोळवू नये, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. निदान मी तरी वाचलेलं नाही.

आमच्या मुक्तानं पेणचा ओंकार पसंत केला. आम्हीही केला. ओंकारच्या आईनंही मुक्ताला पसंत केलं. आता सगळं अडलं होतं ते ओंकारच्या वडिलांच्या ‘हो’वर. भास्करराव म्हणजे पेणचे मूर्तिकार. कारखान्यातल्या प्रत्येक गणपतीच्या डोळ्यांची आखणी ते स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला ब्रश लावू देत नाहीत. बोलतात मात्र इतकं कमी, की त्यांच्यापेक्षा त्यांचे गणपती बोलके वाटतात (हे ओंकारचंच म्हणणं). त्यांनी निरोप पाठवला होता, “मुलीच्या वडलांना एकदा भेटतो, मग बघू.” म्हणजे परीक्षा मुक्ताची नव्हती, माझी होती! आणि पोरगी आठवडाभर माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, की जणू मी दहावीला बसलोय आणि गणित कच्चं आहे.

शहाण्या माणसानं त्यांना रोह्याला घरी बोलावलं असतं. पण मी पडलो निसर्गप्रेमी! (निवृत्त झाल्यापासून. त्याआधी कंपनीच्या शिफ्टमध्ये निसर्ग बसत नव्हता.) पेणजवळच्या खाडीकाठी एका गावातल्या बायकांनी कांदळवनाची सफर सुरू केली आहे. आधी खाडीच्या बांधावरून चालायचं, मग कयाक म्हणतात त्या दोन माणसांच्या प्लास्टिकच्या होडीतून फिरायचं. मी तीच ठरवून टाकली.

“लोक व्याह्यांना सोफ्यावर बसवतात. तुम्ही होडीत बसवणार?” माधवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

“मोकळ्या हवेत माणूस मोकळा होतो.”

“व्हा मोकळे. पण एक लक्षात ठेवा, आपण मुलीकडचे. सगळीकडे त्यांना पुढे करा. एकदा जरी तुम्ही पुढे घुसलात ना, तर म्हणतील, मुलीचा बाप आगाऊ आहे!”

ही सूचना मी अगदी मनावर घेतली. इथेच घात झाला.

माघी गणपती तोंडावर आले होते, तरी रविवारी सकाळी भास्करराव हजर झाले. सोबत विहीणबाई शालिनीताई आणि ओंकार. ओंकारनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “काका, बाबांच्या उजव्या हाताला तेवढं जपा. अजून शंभरेक मूर्तींचे डोळे बाकी आहेत.” मी म्हटलं, तू निर्धास्त राहा!

बांधावरची वाट एकच माणूस जाईल एवढी.

“भास्करराव, तुम्ही पुढे व्हा.”

“नाय नाय, तुम्ही व्हा.”

“छे छे, असं कसं? आधी तुम्ही!”

“तुम्ही मोठे.”

आम्ही दोघे वाटेच्या तोंडाशी हात पुढे करून उभे. आमच्या बगलेतून माधवी गेली, शालिनीताई गेल्या, पोरं गेली, मागून आलेलं एक कुटुंब गेलं, एक शेळीसुद्धा गेली. शेवटी आम्ही एकदमच पाय टाकला आणि एक-एक पाय उतारावर ठेवून, खांद्याला खांदा घासत, तिरके तिरके चालत धक्क्यापर्यंत पोचलो.

धक्क्यावर कयाकवाल्या सुलभाताई कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. “बस गो वहिनी, घाबरू नको,” म्हणत त्यांनी माधवीला आणि शालिनीताईंना एका कयाकमध्ये बसवून सोडूनही दिलं. मुक्ता आणि ओंकार दुसऱ्या कयाकमधून निघाले. आम्ही मात्र लाइफ जॅकेटपाशी अडलो होतो. एक नवंकोरं, एक विटलेलं. नवं त्यांनी मला दिलं, मी त्यांना घातलं, त्यांनी काढून पुन्हा मला दिलं. मग प्रश्न आला, मानाची जागा पुढची की मागची?

“पुढून निसर्ग चांगला दिसतो. तुम्ही पुढे बसा,” मी म्हणालो.

“पन मागं बसनारा होडी चालवतो, तवा मान त्याचा. तुम्ही मागं बसा.”

“मग मानाची जागा मी कशी घेऊ?”

सुलभाताईंनी कपाळाला हात लावला. “आवो, कुनीतरी कुटंतरी बसा की! पानी उतराय लागलंय. उशीर केलात तर तितंच चिखलात बसाल!”

शेवटी ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही बसलो. निघालो. आणि निघताच जागच्या जागी गोल फिरलो! कारण मी त्यांच्या वल्ह्याची वाट बघत होतो आणि ते माझ्या. मग दोघांनी एकदम मारलं, तेही एकाच बाजूला. समोरून बायकांची कयाक परत येत होती. दोघी गप्पा मारत आरामात वल्हवत होत्या. “फार आत जाऊ नका हं!” माधवी ओरडली. मी रुबाबात हात हलवला आणि वल्हं पडता पडता राहिलं.

पुढे खाडीला दोन फाटे फुटत होते.

“कुठं वळू या, भास्करराव?”

“तुम्ही म्हनाल तिकडं.”

“नाही, तुम्ही म्हणाल तिकडे.”

एवढं बोलणं होईस्तोवर कयाक दोन्ही फाट्यांच्या मधोमध, सरळ कांदळवनात घुसली. मुळ्यांमध्ये नाक खुपसून थांबली. मी म्हटलं, थांबलोच आहोत तर पोटपूजा करू. माधवीनं दिलेला नारळाच्या वड्यांचा डबा काढला आणि पुढे केला.

“घ्या.”

“आधी तुम्ही.”

“पाहुण्यांच्या आधी? शक्य नाही!”

डबा पुढून मागे आणि मागून पुढे फिरत राहिला. वडी कुणीच उचलेना. तेवढ्यात आमच्या बाजूनं एक बगळा गेला. चालत! मी त्याच्या पायांकडे बघितलं, मग आमच्या कयाकच्या खाली बघितलं. खाडी निघून गेली होती. आम्ही आणि वड्या मागे राहिलो होतो.

मला काळजी पडली. चिखलाची नव्हे, मुक्ताची. तिचं सासर माझ्यापुढच्या सीटवर पाठमोरं बसून घड्याळाकडे बघत होतं. काहीतरी पराक्रम करायलाच हवा होता. “तुम्ही बसा, मी ढकलतो,” असं म्हणून मी खाली उतरलो. उतरलो तो थेट मांडीपर्यंत! भास्कररावांनी मला ओढायला हात दिला. उजवा! मी ओरडलो, “तो नको! डावा द्या, डावा!” ते हात बदलायला वळले, कयाक कलंडली आणि व्याही माझ्या शेजारी पालथे पडले.

ते उठून बसले तेव्हा अंगावर डोळे सोडून सगळीकडे चिखल होता. कारखान्यातून रंगकामाआधी बाहेर पडलेली मूर्तीच जणू. त्यांनी बोटांच्या चिमटीत थोडा चिखल घेतला, चोळला आणि म्हणाले, “माती चिकट हाय. पन मिठाची. वाळली की तडकनार.”

माझ्या मुलीचं लग्न मोडलं, असा मी त्याचा अर्थ लावला.

एवढं वल्हवूनही आम्ही धक्क्यापासून हाकेच्याच अंतरावर होतो. त्यामुळे एव्हाना परतलेलं सगळं कुटुंब कठड्याशी ओळीनं उभं राहून आम्हाला बघू शकत होतं. सुलभाताईंनी चिखलावरून सरकायची लांब फळी दोराला बांधून आमच्याकडे ढकलली. “एकेकानं पोटावर झोपा! आमी वडतो!”

फळी आमच्या दोघांच्या मधे येऊन थांबली. मी मांडीपर्यंत रुतलेला, नाकात चिखल, एका पायातला बूट पाताळात. तरीही तोंडातून निघालंच, “भास्करराव, आधी तुम्ही!”

आणि तो मितभाषी माणूस फुटला. “आवो मानसा! झोपा की त्या फळीवर! सकाळपासनं माझा जीव चाललाय! घरातनं निघताना हिनं दम दिलाय, मुलीच्या बापाला सगळीकडं पुढं ठेवा, नायतर आपल्याला घमेंडी म्हनतील! मला त्या वड्या कवाधरनं खायच्या होत्या!”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. “मलाही घरून तोच दम मिळालाय हो!”

मग ते हसायला लागले. चिखलाला भेगा पडेपर्यंत हसले. मीही हसलो, आणि हसताना माझ्या छातीवरचं आठवडाभराचं ओझं कुठल्या कुठे गेलं. मला इतकं हलकं वाटलं, की आणखी कंबरभर रुतलो असतो तरी चाललं असतं.

“मोहनराव,” ते डोळे पुसत म्हणाले, “लगीन ठरलं समजा. पन माझी एक अट हाय.”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. “बोला.”

“लग्नात मानपान नको. कुनाचाच नको. नायतर मुहूर्त टळंल आनि आपन दोघं मांडवाच्या दारात उभेच राहू.”

मी फळीवर पालथा पडलो आणि माझी बायको, विहीणबाई, मुलगी आणि होणारा जावई यांनी मिळून मला धक्क्यावर ओढून घेतलं. पाठोपाठ भास्करराव आले, उजवा हात हवेत उंच धरून. “हात बरा आहे ना?” ओंकारनं विचारलं. “हात बरा हाय, मानूसबी बरा हाय,” ते माझ्याकडे मान वळवून म्हणाले. मुक्ता चिखलाची पर्वा न करता माझ्या गळ्यात पडली.

धक्क्यावर अंग धुवायला पाण्याची नळी होती. एकच. सुलभाताईंनी ती माझ्या हातात दिली. मी ती अदबीनं भास्कररावांच्या हातात ठेवली आणि म्हणालो, “आधी तुम्ही!”

त्यांनी नळी उजव्या हातात घेतली, एक डोळा बारीक केला आणि हात जराही हलू न देता, आखणी करावी तसं नेमकं, माझ्या तोंडावर पाणी सोडलं.