समोरच्यांची मॉन्टेसरी

आमच्या समोरच्या घरात जे गृहस्थ राहतात, त्यांच्यासारखा दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेणारा माणूस अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात सापडायचा नाही. बाकीचे लोक मदत मागितली की करतात. आमचे समोरचे तुम्ही मागायच्या आत मदत करून, वर हात पुसून मोकळे झालेले असतात. आम्ही इथे कॅरी गावात राहायला आलो त्या दिवशी माझा नवरा ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होता आणि कुठलं खोकं कुठे ठेवावं याचा मी विचार करत उभी होते. तेवढ्यात हे समोरचे रस्ता ओलांडून आले. "राहू द्या न वहिनी, मी लावून देतो न," एवढं म्हणाले, आणि मी हो की नाही ते ठरवेपर्यंत माझं स्वयंपाकघर लावूनसुद्धा झालं होतं. अगदी सुरेख लावलं होतं, खोटं कशाला बोलू! फक्त मिसळणाचा डबा कुठे ठेवला ते त्यांना आठवेना आणि मला सापडेना. शेवटी मी नवीन आणला.

इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये तर यांच्याबरोबर जायची सोय नाही. कुणीही गाडी मागे घेताना दिसलं की हातातली पिशवी माझ्याकडे देऊन हे त्या गाडीच्या मागे जाऊन उभे राहणार आणि दोन्ही हात हलवत ओरडणार, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" एकदा गाडीत एक म्हातारी अमेरिकन बाई होती. ती बिचारी आधी घाबरली, पण "बस्स" म्हटल्यावर बरोब्बर थांबली, आणि खाली उतरून यांचे आभार मानून गेली. तेव्हापासून तर हे काही ऐकतच नाहीत. गणपतीच्या जेवणाला हे वाढायला लागले की बायका पदर खोचून नुसत्याच उभ्या. ऑफिसात यांचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून सांगायचं. पण हे सांगतच नाहीत, स्वतःच दुरुस्त करून टाकतात आणि मग मॅनेजरची बोलणी खातात. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. ती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. शांत बाई. हिचा संसार कसा चालतो म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही हो, मी फक्त बसून राहते."

आता असल्या माणसाच्या पोटी एकुलती एक मुलगी! रेवा पाच वर्षांची होत आली तरी तिच्या बुटाची लेस तिनं कधी हातात धरली नव्हती. जॅकेटची चेन बाबा लावणार, पाण्याची बाटली बाबा उघडणार. बागेत घसरगुंडीवर तिला वरून सोडणारे हेच आणि धावत खाली येऊन झेलणारेही हेच. जेवण म्हणजे तर सोहळाच. ही टीव्हीसमोर बसणार, आणि हे शेजारी ताटली घेऊन, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा," करत एकेक घास भरवणार. चिऊ-काऊ झाले की शेजारच्या कुत्र्याचा घास, मग माझाही घास. मी एकदा म्हटलं, "अहो, कॉलेजात जाईल तेव्हा डॉर्ममध्ये राहायला जाणार का घास घेऊन?" तर गंभीरपणे म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा पाहू न."

आणि अशा माणसानं मॉन्टेसरी शोधून काढावी! आमच्या इथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मॉन्टेसरीचे वर्ग आहेत. घराजवळच्या नेहमीच्या शाळेऐवजी तिथे घालायचं तर अर्ज करायचा, आणि मग लॉटरीत नंबर लागला तर जागा. यांनी त्या पद्धतीबद्दल जे मिळेल ते वाचलं आणि गावभर सांगत सुटले. "वहिनी, मुलानं सगळं स्वतःच्या हातानं केलं पाहिजे! मोठ्यांनी मधात पडायचंच नाही!" असं मला सांगत होते, आणि सांगता सांगता माझ्या हातातली कोथिंबीर घेऊन निवडत होते. नागपूरला त्यांच्या आईनं फोनवर सरकारी शाळा एवढंच ऐकलं आणि रडायलाच लागली. एवढं शिकून, अमेरिकेत जाऊन माझ्या नातीला सरकारी शाळेत टाकतो? तिची समजूत घालण्यात आठवडा गेला. तेवढ्यात लॉटरीत रेवाचा नंबर लागला, तेव्हा यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

जागा घेणार की नाही ते शाळेला कळवायचं होतं. त्याआधी एक दिवस मुलीला घेऊन वर्गात येऊन बसा, असं शाळेनं सांगितलं. त्यांच्या बायकोची लॅबमध्ये ड्यूटी होती, म्हणून मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला न सोबत." गेलो. वर्ग पाहून मीही चकित झाले. बाई फळ्यापाशी नाहीत, कोपऱ्यात एका मुलीशी हळू आवाजात बोलताहेत. कुणी सतरंजी अंथरून मणी मोजतंय, कुणी छोट्या जगमधून पेल्यात पाणी ओततंय. बाईंनी आम्हाला दोन बुटक्या खुर्च्या दिल्या आणि हसून सांगितलं, हात मांडीवर ठेवा आणि फक्त बघा, कुणाला मदत करू नका. झालं! एका मुलाचं पाणी सांडायला लागलं तसे हे अर्धे उठले. मी मागून शर्ट धरला. एका मुलीला बटण लावता येईना, पुन्हा उठले, पुन्हा मी शर्ट धरला. तो शर्ट फाटला नाही हीच देवाची कृपा.

जेवायच्या वेळी मात्र बाई नॅपकिन आणायला गेल्या आणि मी जरा बाथरूमला गेले. परत येऊन बघते तर काय! हे टेबलापाशी गुडघ्यांवर बसलेले, हातात रेवाच्या डब्यातला दहीभात, आणि टेबलाभोवतीची सगळी गोरी-काळी पोरं तोंडाचा आ करून रांगेत! "धिस वन फॉर मिस्टर स्पॅरो, धिस वन फॉर मिस्टर क्रो!" बाई दारात आल्या. रागावल्या नाहीत हो, उलट हसूच आलं त्यांना. पण हळूच म्हणाल्या, "सर, त्यांना येतं. त्यांना करू द्या." आणि यांना पुन्हा खुर्चीत नेऊन बसवलं. बाकीची पोरं आपापले डबे खायला लागली. रेवा मात्र चमचा समोर ठेवून बाबाकडे बघत बसली. तोंड उघडून बसली, मग मिटून बसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवायची वेळ संपली. डब्यात उरलेला भात तसाच राहिला.

गाडी सुरू केल्या केल्या हे म्हणाले, "नाही घालत मी या शाळेत. आजच कळवतो. पोरगी उपाशी राहिली न, वहिनी." मी काही बोलणार, तेवढ्यात हेच पुढे बोलायला लागले. रेवा फार लवकर जन्मली होती. काचेच्या पेटीत होती, नळ्या लावलेली. "तेव्हा पण नर्सनं असंच सांगितलं होतं मला. हात लावू नका, फक्त बघा. मी असाच बसून राहायचो, मांडीवर हात ठेवून. दुसरं काही करताच येत नव्हतं न. घरी आणली त्या दिवशी ठरवलं, आता हिला कशासाठीच वाट पाहू द्यायची नाही." ज्या माणसाला मी इतकी वर्षं चिडवत होते, त्याच्या हातांत हे एवढं साठलेलं होतं.

मागून काहीतरी खडखडलं. रेवानं दप्तरातला डबा काढला होता आणि झाकणाशी झटापट चालवली होती. सगळ्या पोरांना तिनं तासभर बघितलं होतंच की! यांनी आरशात पाहिलं आणि गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली. झाकण निघालं, पण अर्धा दहीभात सीटवर सांडला. हे पट्टा सोडून मागे वळणार तोच ती ओरडली, "बाबा, नो! आय विल डू इट!" वळले नाहीत. दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून बसून राहिले. मागे ती हातानं खात होती. थोडं तोंडात जात होतं, बाकीचं फ्रॉकवर. डबा संपल्यावर म्हणाली, "ऑल डन." तेव्हा यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "संपवला न तिनं वहिनी, सगळा संपवला." संध्याकाळी त्यांनी शाळेला होकार कळवला.

आता रेवा त्याच शाळेत जाते. लेस स्वतः बांधते, वाकडीतिकडी का होईना. रात्री स्वतःच्या हातानं जेवते, आणि बाबा जवळ आला की म्हणते, "तू तिथे बस." सकाळी बस येते, ती दप्तर सावरत चढते आणि मागे वळूनही बघत नाही. ऑफिसची वेळ व्हायला अवकाश असतो. मग हे ड्राइव्हवेमध्ये नुसतेच उभे राहतात, हातांचं काय करावं ते न कळल्यासारखे. मी खिडकीतून रोज बघते. बघवत नाही हो. म्हणून हल्ली मी लोणच्याची बरणी घेऊन बाहेर जाते. आत ओट्यापाशी झाकण एकदा उघडून बघितलेलं असतं, मग मीच ते जोर लावून पुन्हा घट्ट बसवते, आणि रस्ता ओलांडून म्हणते, "अहो, हे जरा उघडून देता का? मला काही जमेना."