आईच्या हाडांतलं शिसं

मी ज्या माणसाचा सर्वांत जास्त ऋणी आहे ती माझी थोरली बहीण, सुमनताई. ती चौथीपर्यंत शिकली. मी बी.ए. झालो, आमच्या चिखल्याच्या आदिवासी पाड्यावरचा पहिलाच. तरी आईचा आजार सापडला तो ताईच्या एका वाक्यामुळे, आणि त्याआधी दोन वर्षं सापडला नाही, त्याला मी लिहिलेला एक शब्द कारण होता.

यंदाच्या, म्हणजे २०१८ सालच्या, उन्हाळ्याची सुरुवात होती. आई डहाणूच्या रुग्णालयात दाखल होती. चार महिन्यांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं, पण ती सावरत नव्हती. पोटात कळा येत, रक्त कमी, अंगात ताकद नाही. त्या दिवशी नव्याने आलेल्या डॉक्टर मॅडम तिची फाइल पहिल्या पानापासून वाचत होत्या. इतक्या मागचं पान याआधी कुणी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"गृहिणी," त्यांनी वाचलं. "म्हणजे घरी काय काम करतात?"

"काही नाही मॅडम, घरीच असते," मी म्हणालो.

ताई उधव्याहून, तिच्या सासरहून आली होती. खाटेच्या पायथ्याशी बसून आईचे पाय चेपत होती. ती फिस्कन हसली.

"घरीच असते म्हणे! मॅडम, हा साहेब हाय, याला घरातलं काय दिसणार? आई शिसं ओतते. जाळ्याचं. लग्न होईपर्यंत मीपण ओतायची."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग आईला म्हणाल्या, "मावशी, तोंड उघडा. हिरड्या बघू."

आईनं पदर तोंडावर धरला. "मिश्रीचे दात, त्यात काय बघायचं?"

मॅडमनी हातमोजा घातला, ओठ वर उचलला आणि बॅटरी मारली. हिरडीच्या कडेनं, दाताला लागून, एक बारीक निळसर काळी रेघ होती. आम्ही ती वर्षानुवर्षं पाहत होतो. पाड्यावरच्या निम्म्या बायकांच्या तोंडात काळं असतंच, मिश्री लावतात म्हणून.

"हे मिश्रीचं नाही," मॅडम म्हणाल्या. "रक्त तपासावं लागेल. मला लेड पॉयझनिंगची शंका आहे." लेड म्हणजे शिसं. पॉयझनिंग म्हणजे विषबाधा.

मी फाइलमधल्या 'गृहिणी' या शब्दाकडे पाहिलं.

हे काम काय असतं ते सांगतो. फेकून मासे पकडायच्या जाळ्याच्या काठाला वजन लागतं, म्हणजे जाळं पाण्यात झपकन बुडतं. ते वजन शिशाचं. किनाऱ्यावरचे जाळेवाले जुन्या बॅटऱ्यांतल्या पट्ट्या आणून देत. आई त्या लोखंडी पळीत, आमच्या स्वयंपाकाच्या चुलीवर वितळवी आणि मातीच्या साच्यात ओती. गार झालेले मणी पदरात घेऊन ती दोरीत ओवायला बसे. मण्याची फट दोरीवर दाबून बंद करायला पक्कड होती, पण पक्कड शोधण्यात वेळ जाई. आई दातानं दाबायची. कट्ट, कट्ट असा आवाज यायचा. शेजारच्या जमनाकाकू म्हणत, "लखमीच्या तोंडात मशीन हाय." त्याच चुलीवर मग भात शिजे. ताई नऊ वर्षांची असल्यापासून आईच्या उजव्या हाताला बसायची. मी पाचवीपासून वसतिगृहात होतो.

आता माझा शब्द. २०१६ साली आईचं अंग दुखायला लागलं तेव्हा तिला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं. मी तलासरीच्या एका शाळेत लिपिक आहे. पाड्यावरच्या सगळ्यांचे अर्ज मीच भरतो, माझं अक्षर चांगलं आहे. केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकाना होता. माझ्या मनात शिसं आलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण ते काही लिहिण्यासारखं वाटलं नाही. लिपिकाची आई शिसं ओतते, हे कशाला लिहायचं? मी 'गृहिणी' लिहिलं, सुंदर अक्षरात. पुढच्या प्रत्येक कागदावर तेच उतरत गेलं.

त्या एका शब्दावर दोन वर्षं गेली. पोटदुखीला गॅसच्या गोळ्या दिल्या. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी झाली, म्हणजे ध्वनिलहरींनी पोटाच्या आतलं चित्र काढणं. खडा नव्हता. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. गुडघे आणि कंबर वयामुळे. आई तेव्हा पंचावन्नचीही नव्हती. डॉक्टर चांगलेच होते. जे कागदावर होतं त्यावर ते उपचार करत होते.

मग एके सकाळी आई चुलीपुढून उठायला गेली आणि बसल्या जागी कोसळली. पाय घसरला नाही, कशाला अडखळली नाही. बाबा वाडीत चिकू उतरवायला गेले होते. जमनाकाकूंनी हाका मारून माणसं जमवली. एक्स-रे पाहून हाडाचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा धक्क्यानं मोडलं? हाड फार ठिसूळ झालंय." नंतर डेक्सा स्कॅन झाला. हाडं किती भरीव आहेत ते त्यात मोजतात. आईची हाडं तिच्या वयाच्या मानानं फार पोकळ निघाली. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

रक्ताचा नमुना मुंबईला गेला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी लॅबच्या खिडकीपुढच्या बाकावर पुष्कळ बसलो. शेजारी वाणगावचे एक गृहस्थ असायचे, पत्नीच्या रिपोर्टसाठी आलेले. ते रोज विचारायचे, "आला का तुमचा?" आणि मी नाही म्हटलं की त्यांना बरं वाटलेलं दिसायचं. मी रागावलो नाही. मलाही त्यांचा आला नाही की बरंच वाटायचं.

रिपोर्ट आला. आकड्यापुढे ठळक अक्षरात 'जास्त' असा शेरा होता.

"पण मॅडम," मी म्हणालो, "हाड मोडल्यापासून तिनं शिशाला हात लावलेला नाही. चार महिने झाले."

मॅडमनी मला समोर बसवलं. त्या म्हणाल्या, "शिसं शरीरात गेलं की त्यातलं बरंचसं हाडांत जाऊन बसतं. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. तिथे ते वीस-पंचवीस वर्षंही राहतं आणि हाड दुबळं करतं. हाड झिजू लागलं की तेच शिसं पुन्हा रक्तात उतरतं. पाळी गेल्यावर हाड झिजतं. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिल्यावर झिजतं. तुमच्या आईच्या बाबतीत दोन्ही झालं."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या बहिणीला दिवस गेलेत ना? कितवा महिना?"

ताईला चौथा महिना होता. तो प्रश्न ऐकेपर्यंत मी फक्त आईचा विचार करत होतो. मॅडम म्हणाल्या, "बाळाची हाडं घडायला कॅल्शियम लागतं. खाण्यातून पुरेसं मिळालं नाही तर ते आईच्या हाडांतून घेतलं जातं. त्याच्याबरोबर शिसंही निघू शकतं आणि बाळापर्यंत पोचतं. त्यांची तपासणी लवकर करून घ्या."

आईवर चिलेशनचे उपचार सुरू झाले. या औषधानं रक्तातलं शिसं बांधलं जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. पहिल्या फेरीनंतर आकडा खाली आला, मग थोडा वर गेला. हाडांतून नवं येत राहतं, घाबरू नका, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसरी फेरी झाली. पोटातल्या कळा थांबल्या. आईनं एके दिवशी भाकरी आणि सुकटीची चटणी मागून घेतली. मी रुग्णालयाच्या आवारात जाऊन एकटाच रडलो.

घरही बदलावं लागलं. शिशाची धूळ जमिनीत, भिंतीत, भांड्यांच्या फळीवर असते. कोरड्या झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, चूल मोडा, असं सांगितलं होतं. बाबा चिडले. "चूल मोडा? लग्नाच्या साली तुझ्या आयेनं हातानं घातलेली चूल हाय ती. औषध तिला द्यायचं का चुलीला?" दुसऱ्या दिवशी वाडीत जाण्याआधी त्यांनी स्वतःच पहारीनं ती फोडली. मला हात लावू दिला नाही. बाबांचं आणि माझंही रक्त तपासलं. बाबांच्या रक्तात थोडं निघालं. माझ्यात काळजीसारखं काही नव्हतं.

पाड्यावरच्या आणखी चार घरांत हे काम चालतं. त्यांतल्याच एका घरच्या जमनाकाकू म्हणाल्या, "आमाला तर काय नाय झालं." मी वाद घातला नाही. त्यांच्या सुनेला घेऊन मॅडमकडे गेलो आणि केसपेपर मी भरला, या वेळी 'शिसं ओतते' असं लिहून. हे वाचणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे : डॉक्टरांनी विचारलं तर घरातली बाई दिवसभर हातानं काय काय करते ते सगळं सांगा. फटाके वळते, बॅटऱ्या फोडते, रंग कालवते, फवारणीचे कपडे धुते. सांगायची लाज वाटेल तेच आधी सांगा.

ताई मात्र तपासणीला तयार नव्हती. आईला घरी आणलं आणि ताई उधव्याला परत गेली. फोन केला की हसायची. "मी काय म्हातारी हाय हाडं मोडायला? बैलासारखी उभी हाय बघ." पुन्हा केला तर, "तू ग्रॅज्युएट झालास तेव्हापासून नुसतं चेक कर, चेक कर. दवाखान्याचा जावई झालास काय रे?" तिसऱ्यांदा तिनं फोन नवऱ्याकडे दिला. भावजी म्हणाले, "ती भितेय. बोलणार नाय तुमच्याशी."

ताई सावकाश वाचते, पण वाचलेलं सोडत नाही. म्हणून काल मी हे पत्र पोस्टात टाकलं.

*

प्रिय सुमनताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितो.

तुझ्या बाळाला काही झालंच असेल असं मॅडम म्हणत नाहीत. कळल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही, असं त्या म्हणतात. वेळेत कळलं तर कॅल्शियम, लोह, दूध, अंडी, वरचेवर तपासणी, पुष्कळ करता येतं. फक्त दंडातून थोडं रक्त काढायचं. नऊ वर्षांची असताना तुझ्या हातावर वितळलेलं शिसं उडालं होतं तेव्हा तू रडली नव्हतीस. मी रडलो होतो.

तू भितेस हे भावजींनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस. मीही भितो. रिपोर्ट काहीही आला तरी तो घ्यायला मी तुझ्याबरोबर खिडकीपाशी असेन. आणि तुझ्या जागी त्या चुलीशी मी बसायला हवा होतो, हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो.

आई तुझ्याबद्दल दिवसातून दहा वेळा विचारते. काल म्हणाली, "मीच बसवली तिला तिथं." मी तिला समजावलं, पण माझं तिला पटत नाही. तू सांगितलंस तर पटेल.

सोमवारी सकाळच्या पहिल्या जीपनं तलासरीला ये. मी नाक्यावर उभा असेन, रजा घेतली आहे. तिथून डहाणूला जाऊ. काही खाऊन निघ, उपाशी राहायचं नाही.

आई आता वॉकर धरून अंगणाच्या कडेपर्यंत जाते. सोमवारी सुमन आली नाही, तर मंगळवारी मी वॉकर घेऊन उधव्याला निघते, असं ती म्हणाली आहे. बाबा हसले, पण मी हसलो नाही. तिनं चपला पुसून दाराशी ठेवल्या आहेत.

तुझा,
भाऊ